सात ओळींत मावणारे जग

सोपान ओव्हाळ यांनी नेपोलियनला सात ओळींत बसवले, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. रिहे खोऱ्यातल्या माध्यमिक शाळेत ते शिपाई होते; शाळेत सगळे त्यांना मामा म्हणत. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहिण्याचे काम त्यांना कोणी लेखी दिले नव्हते. ज्या शिक्षकांकडे ते काम होते ते शाळा सोडून गेले, आणि अक्षर वळणदार म्हणून मामांनी खडू उचलला, एवढेच. पुढची एकतीस वर्षे त्यांनी तो खाली ठेवला नाही.

फळा लहान होता. मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसावे अशा अक्षरात त्यावर सातच ओळी बसत. माणूस कोण, कुठला, त्याने काय केले आणि त्याचा शेवट कसा झाला, एवढे त्या सातांत आलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक. विशेषणे त्यांनी पहिल्याच वर्षी हद्दपार केली. “‘थोर’ लिवलं की एका कामाची जागा जाती,” असे ते म्हणत. मजकूर जमवायचे ते जुन्या वर्तमानपत्रांतून, शाळेच्या कपाटातल्या कोशांतून. आणि उतरवायचे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, एका तारखेला एक पत्रिका. कोणतीही गोष्ट दोन ठिकाणी सापडल्याशिवाय फळ्यावर चढत नसे. या पत्रिका आजही त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत तारखेनुसार लावलेल्या आहेत. पुढून वधूवरांची नावे, मागून कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव.

निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला. घंटा कधी चुकली नाही, पाण्याची टाकी कधी घाण राहिली नाही, असे तिघांनी सांगितले. फळ्याचा उल्लेख कोणी केला नाही. त्या दिवसापासून मामांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: हे कोणी वाचत तरी होते का? पत्नी जाऊन सहा वर्षे झाली होती. मुलगा अतुल नोकरीसाठी जांब्यात भाड्याने राहत होता. घरात विचारायला माणूस नव्हते. शेवटी अतुल त्याच शाळेत शिकलेला म्हणून त्यालाच फोनवर विचारले.

“आबा, खरं सांगू का? फळ्याखाली पोरं चपला काढायची. वर कोण बघतंय?”

“तू बी न्हाई बघितलं?”

“मला घरातच ऐकवायचा की तुमी सगळं!”

अतुल हसला. मामाही हसले. फोन ठेवल्यावर दिवसभर बोलायला कोणी आले नाही.

उत्तर मिळाले ते निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, एप्रिलमध्ये. अतुलकडे निघालेले मामा घोटवडे फाट्यावर बसची वाट पाहत उभे होते. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घातलेली एक तरुणी जवळ आली.

“मामा, वळखलं का? मी तृप्ती. दहावी ‘ब’. घंटेच्या दोरीला लोंबकळले म्हणून तुमी मला गेटापर्यंत पळवलं व्हतं.”

“व्हय व्हय! दोरी तुटली ती तुटलीच. काय करतीस आता?”

“हिंजवडीत हाय, रिसेप्शनला. पोलीस भरती दिली व्हती, न्हाई झालं.” मग ती एकदम खोडकर आवाजात म्हणाली, “त्यातला एक मार्क तुमी खाल्लाय, मामा!”

“मी?”

“दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं शरणागती कुठल्या महिन्यात पत्करली? मी डोळं झाकून जून लिवलं. तुमचा फळा जसाच्या तसा डोळ्यांपुढं व्हता. वर अठरा जून, खाली जर्मनी. भाईर आल्यावर कळलं, मे!”

“मे... जून...” मामा बोटांवर मोजू लागले. तृप्तीच घाबरली. “अवो, गंमत केली! सात मार्कांनी गेलं माझं. एकानं काय व्हतंय? बाकी लई उपेगी पडलं तुमचं. मी रोज वाचायचे, सगळ्यांच्या आधी.”

तिची बस आली आणि ती गेली. मामा जांब्याला गेलेच नाहीत. रस्ता ओलांडून ते उलट्या दिशेच्या गाडीत बसले.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली. आठ मेच्या पत्रिकेवर तारीख बिनचूक होती. चूक पत्रिकेत नव्हती; ती शाळेच्या सुट्टीत होती. मे महिन्यात शाळा बंद. नेपोलियन मरण पावला पाच मेला, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले दहा मेला, नाइटिंगेल जन्मली बारा मेला, कॉन्स्टँटिनोपल पडले एकोणतीस मेला. उन्हाळी सुट्टीत जन्मल्या-मेल्यामुळे एवढी माणसे मुलांना कधी भेटूच नयेत, हे मामांना पटेना. म्हणून शाळा उघडली की मेच्या पत्रिका ते जूनमध्ये एकेक करून लिहीत. पहिल्या वर्षी त्यांनी शेवटच्या ओळीत खरी तारीख घातली होती. पण त्या एका ओळीपायी कधी मृत्यूचे कारण गाळावे लागे, कधी गावाचे नाव. दुसऱ्या वर्षी तारखेचीच ओळ गेली. फळ्यावर रोजची तारीख असेच, आणि माथ्यावर तैलरंगात कायमचे रंगवलेले होते, ‘आजचा दिनविशेष’. ते पुसले जाणारे नव्हते, आणि त्याखाली मेचा मजकूर जूनचा ठरतो, हे मामांच्या ध्यानातही आले नाही.

म्हणजे तीस जून महिने. ज्यांनी वाचले नाही, त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी मन लावून वाचले, तेवढेच फसले. एकतीस वर्षांतला त्यांना भेटलेला एकमेव वाचक त्यांनीच फसवला होता. बाकी किती, याला पुरावा नाही. आणि तो मिळावा की मिळू नये, हेही मामांना ठरवता येईना.

आठवडाभराने ते शाळेत गेले. नवे मुख्याध्यापक निकालाच्या कागदांत बुडाले होते.

“सर, आठ मेला मला फळा पायजे.”

“मामा, तेव्हा सुट्टी असते. वाचणार कोण?”

“ठावं हाय. पर त्या दिसाचं त्या दिशीच लिवायचं राह्यलंय.”

“जूनमध्ये लिहा की, मुले असताना. खाली खुलासा टाका.”

“तेबी लिवीन. पर आधी हे.”

सरांनी फाटकाची चावी काढून दिली.

आठ मेला मामा सकाळी पायी शाळेत पोहोचले. आवारात वाळलेली पाने साचली होती. सवयीने त्यांनी आधी झाडू मारला. मग फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि लिहायला घेतले. जर्मनीची शरणागती त्यांनी पाचच ओळींत आवरली. त्यासाठी एका सेनापतीचे नाव आणि एक शहर त्यांना सोडावे लागले. सहाव्या ओळीत लिहिले: ‘या फळ्यावर हे पूर्वी जून महिन्यात लिहिले जाई. ते चूक होते.’

सातवी ओळ उरली. तीत त्यांनी लिहिले, ‘सोपान ओव्हाळ, शिपाई’. एकतीस वर्षांत त्या फळ्यावर त्यांनी स्वतःचे नाव कधी लिहिले नव्हते. अक्षर थोडे तिरके गेले. ते पुसून पुन्हा सरळ लिहिले, चार पावले मागे जाऊन सगळा मजकूर पहिल्यापासून वाचला, आणि फाटकाला कुलूप लावले.