शंभरावी सीट

सात मार्च २०००, मंगळवार. ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर मी, चहावाला आणि निवृत्त वाहतूक नियंत्रक असे तिघे होतो. विषय एका खेपेच्या खर्चाचा होता. खर्च वीस लाख रुपये, तिकीट वीस हजार, सीटा शंभर.

ही खेप बसची नव्हती. नियंत्रक रोज दुपारी जुन्या आरक्षण तक्त्यांच्या पाठीवर आवाजापेक्षा वेगानं जाणारं प्रवासी विमान काढायचा. त्रिकोणी पंख, उतरताना खाली वाकणारं लांब नाक, सगळं मापात. बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबून तो आभाळाकडे कान द्यायचा. पण त्याचा खरा जीव भारमानात, म्हणजे किती सीटा भरल्या यात. हिशेब तो मलाच तपासायला द्यायचा, कारण मी आकड्यात सूट देत नाही.

त्या दिवशी तक्त्यावर सीटांपुढे नावं होती. ती मी वरून खाली वाचली.

"हे तं सारे मेलेले हायेत!"

"मंग? जित्या मानसाले एवढं भाडं परवडते कुठी?" तो शांतपणे म्हणाला. "नव्व्याण्णव झाले. तेवढ्यात खर्च निघते का, पाहून सांगा भाऊ. नाई निघत असन तं शेवटचं नाव तुमचं लिहितो."

मी दोनदा गुणाकार केला. दोन्ही वेळा वीस हजार कमी पडले.

"निघते," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानावर खोचली.

चहा दोन रुपयांचा होता. चहावाल्याला मी पाचाची नोट दिली आणि सुटे न घेताच निघालो.