जाऊबाईंचे दोन चांद

मी घाटनांदूरजवळच्या आमच्या गावी नांदायला आले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझे थोरले दीर जपानहून परतले. निजाम सरकारच्या वजिफ्यावर ते तिकडे कापड विणायचं शिकायला गेले होते. गेले एकटे, आले दोघं. बैलांच्या दमणीतून उतरलेली बाई माझ्याहून वीतभर बुटकी होती आणि चापूनचोपून लुगडं नेसलेली. दारातच गुडघे टेकून तिनं आमच्या सासूबाईंना कपाळ जमिनीला लागेपर्यंत नमस्कार केला. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आज घरात आकाशपाताळ एक होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण तो नमस्कार बघून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "ऊठ बाई, धूळ लागंल."

म्हणून सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. जाऊबाईंना चुलीपाशी येऊ द्यायला पोळा उजाडला. बोलणं मात्र त्यांनी भराभर उचललं, आमचं गावाकडचंच. फक्त 'ल' आणि 'ळ' त्यांच्या जिभेवर बसत नव्हते, दोन्हींचा 'र' व्हायचा. गूळ खाल्ला की म्हणायच्या, "रई ग्वाड हाय." मी हसले की त्याही हसायच्या.

भादव्यातल्या पुनवेच्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "तांदुराचं पीठ हाय?" त्यांच्याकडं या पुनवेला चांद बघायचा सण असतो म्हणे. उघड्यावर गवताचे तुरे ठेवायचे, पिठाचे गोळे उकडून त्यांची रास रचायची, नवे कंद मांडायचे आणि पीक आल्याचं चांदाला दाखवायचं. मला ते ऐकूनच आवडलं. मी ओढ्याकाठचे पांढरे तुरे आणले, परसातल्या अळूचे कांदे उकडले. जाऊबाईंनी असे गुळगुळीत गोळे वळले की हात लावावासा वाटेना. दिवेलागणीला आम्ही माळवदावर पाट मांडला. ढग होते, पण बाजूला सरत होते.

तेवढ्यात आत्याबाई शिडीनं वर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"कुनाचे पिंड घातलेत हे?"

दुसऱ्या दिवसापासून पितरपाख लागत होता, मामंजींची तिथी तोंडावर आली होती, आणि आम्ही तांदळाचे पांढरे गोळे रचून बसलो होतो. मला हे सुचलंच नव्हतं.

"कोन मेरं न्हाई, आत्याबाई," जाऊबाई गडबडून म्हणाल्या. "चांदासाटी हाय."

"उचला ते समदं."

गोळे गाईपुढं गेले. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "पिंड म्हंजी काय?" मी सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, तशाच खाली गेल्या आणि आत्याबाईंच्या पुढ्यात पुन्हा कपाळ टेकलं. "चूक झारी." आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जात्यावर बसल्या असताना आत्याबाईंनी मला विचारलं, "काय सन हाय गं तिचा?" मी ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात तेरशीला दुसरा चांद बघायचा असतो, एकच बघून दुसरा चुकवणं तिकडं चांगलं मानत नाहीत, हेही सांगितलं. आत्याबाईंचा हात खुंट्यावरच थांबला. "म्हंजी पैला मी मोडला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा दळायला लागल्या.

दसरा झाला. तेरशीच्या सकाळी आत्याबाईंनीच पिठाची पाटी माझ्यापुढं ठेवली. "तिला म्हनावं, गोळे कर. पर पांढरे नको. हळद घाल, गूळ घाल. आन् रास नको, ताटात वळीनं मांड."

जाऊबाईंनी जरा विचार केला. "हरदीचे? चारंर."

त्या संध्याकाळी आम्ही तिघी माळवदावर बसलो. पिवळे गोळे होते, उकडलेल्या शेंगा होत्या. चांद आधीच वर आला होता. आत्याबाईंनी विचारलं, "तुमच्याकडं चांदावर काय दिसतं गं?"

"ससा."

आत्याबाई सरकून जवळ आल्या. "आमच्याकडंबी ससाच हाय."

"आमचा मुसर घेऊन तांदूर कांडतो."

आत्याबाईंनी डोळे बारीक करून वर पाहिलं. "गडीमानूस आन् कांडतो? कावून? त्याच्या घरात बाया न्हाईत का?"

जाऊबाई खरोखरीच विचारात पडल्या. "न्हाईत. एकटाच हाय."

"अगं बाई," आत्याबाई कळवळून म्हणाल्या. त्यांनी ताटातला एक गोळा उचलून जाऊबाईंच्या हातावर ठेवला. "खा. सकाळधरनं पोटात काही न्हाई तुझ्या."

पुढं दिरांना हैदराबादेत विणकाम शिकवायची नोकरी लागली आणि दोघं तिकडं गेली. जाताना आत्याबाईंनी जाऊबाईंची ओटी भरली आणि दमणी वळेपर्यंत वेशीत उभ्या राहिल्या. तेरशीला मात्र आमच्या घरी हळदीचे गोळे होतच राहिले. शेजारच्या बाया यायच्या, आणि त्या तांदूळ कांडणाऱ्या सशाला बायको कधी मिळणार याची काळजी आत्याबाई त्यांच्यापाशी मनापासून करायच्या. बायांना ती गोष्ट पुराणातलीच वाटायची. आत्याबाई त्यांना तसं वाटू द्यायच्या.