ऑपरेशनमध्ये गायचं काय?

आधी कबूल करून टाकते. ब्रेन ट्यूमर सपोर्ट ग्रुपमधल्या माझ्या पहिल्याच दिवशी मी चुकीच्या माणसाला धीर दिला!

डोंबिवली ईस्टला महिन्यातून एकदा, रविवारी आमची मीटिंग असते. पेशंट, त्यांच्या घरचे, आणि माझ्यासारखे, ट्यूमर काढल्यावर रिकाम्या जागेत उत्साह भरलेले. त्या दिवशी एक जोडपं आलं. नवरा पूर्ण तुळतुळीत. बायकोचा हा एवढा अंबाडा, वर अबोलीचा गजरा. मी थेट नवऱ्याचा हात धरला. ऑपरेशन, रेडिएशन, हिंमत, सगळं सांगून झालं. शेवटी म्हटलं, "आणि केसांचं मनाला लावून घेऊ नका हो. सगळे परत येतात!"

त्याचे डोळे चमकले. "खरा? लग्नाच्या आधी गेलेले पन?"

मग बायकोकडे बोट करून म्हणाला, "पेशंट ही हाय."

हे बळीराम म्हात्रे आणि सुगंधाताई. तुम्ही म्हणाल, अशा ग्रुपमध्ये हसण्यासारखं काय असणार? अहो, दर महिन्याला एवढं साठतं की घरी जाऊन सांगेपर्यंत अर्धं विसरते. आणि मी विसरले की घरचे लगेच विचारतात, "पुढचा एमआरआय कधी आहे?"

*

सुगंधाताई धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, धवला म्हणतात त्याला, ते गाणारी बाई. सगळे धवले तोंडपाठ, लिहिलेलं काही नाही. आणि ट्यूमर नेमका बोलण्याच्या जागेला चिकटलेला! काढताना वाचा गेली तर धवलेही गेले. भाचीची हळदही ठरलेली.

डॉक्टरांनी उपाय सांगितला: जागेपणी ऑपरेशन. डोकं उघडताना झोपवणार, मग उठवून बोलायला, गायला लावणार. मेंदूला स्वतःला दुखत नाही. आवाज अडखळला की डॉक्टर हात मागे घेणार.

सुगंधाताईंनी आमच्यासमोर हे सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "माझाच डोका, नि वाट पन मीच दावायची?"

तारीख काही त्या घेईनात.

*

आमची मीटिंग भरते एका डान्स क्लासच्या हॉलमध्ये. भाडं नाही, पण चारी भिंतींना आरसे! त्यात जोशीकाका. ऑपरेशननंतर त्यांना एकाचे दोन दिसतात. पहिल्यांदा दारात आले तेव्हा काठी टेकवून बराच वेळ बघत राहिले.

मी घाबरून म्हटलं, "काका, चक्कर येतेय का?"

"छे छे," काका म्हणाले, "एवढी उत्तम उपस्थिती असेल असं वाटलं नव्हतं."

आत आम्ही सहाजण!

*

डॉक्टर लोक ट्यूमरचं माप फळांतच का सांगतात कोण जाणे. माझा लिंबाएवढा, जोशीकाकांचा आवळ्याएवढा. आमच्याकडे नवीन माणसाला नाव नंतर विचारतात, फळ आधी!

एकदा म्हात्रेंनी घरच्या झाडाचे चिकू आणले. डब्याचं झाकण उघडलं आणि सगळे एकदम सुगंधाताईंकडे बघायला लागले. सुगंधाताईंना डॉक्टरांनी आदल्याच दिवशी 'चिकूएवढा' सांगितलेलं. बळीरामभाऊंना स्वतःला ते तेव्हा आठवलं. बिचारे डबा बंद करायला लागले.

कोपरीचे कांबळेसर पुढे सरसावले. सर शाळेतून रिटायर झालेले, ऑपरेशनने उजव्या हाताची पकड गेलेली. डाव्या हाताने एक चिकू उचलला.

"माझा बोराएवढा होता," म्हणाले. "मला चालतं."

सुगंधाताई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. आणि चक्क दोन खाल्ले!

*

याच कांबळेसरांना दिव्यांगाचा दाखला हवा होता. मी म्हटलं, मी येते सोबत. असल्या कामांत मी भांडायला जाते आणि दोन मिनिटांत रडते, हे सरांना माहीत असूनही त्यांनी नेलं.

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या साहेबांनी सरांना वर-खाली बघितलं. "तुम्ही तर एकदम फिट दिसता. ट्यूमर कुठे दिसतोय?"

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

सर शांतपणे म्हणाले, "काढला, साहेब. दाखवायला लागतो हे माहीत असतं तर ठेवला असता."

दाखला मिळाला! सरांनी हा किस्सा मीटिंगमध्ये साभिनय केला, तेव्हा सुगंधाताई बळीरामभाऊंना म्हणाल्या, "घे तारीख. ही सगली माणसा डोका उघडून आली, तरी वांड ती वांडच हायेत."

*

तारीख मिळाल्यावर आम्ही रंगीत तालीम ठेवली. चटई, चादर, आणि तोंडाला नॅपकिन बांधलेले कांबळेसर सर्जन! सुगंधाताईंची भीती जावी म्हणून मी म्हटलं, "आधी मी करून दाखवते. काही नाही हो, कुशीवर पडायचं, हळू श्वास घ्यायचा, आणि बोलत राहायचं..."

पुढचं मला आठवत नाही. जाग आली ती जोशीकाकांच्या आवाजाने.

"हा जागेपणीच्या ऑपरेशनचा नमुना असेल, तर मी संपूर्ण भूल घेईन."

मी घोरत होते म्हणे!

*

मग प्रश्न आला, गायचं काय? जोशीकाका म्हणाले, रामरक्षा. कांबळेसर म्हणाले, त्रिशरण-पंचशील म्हणा, मन स्थिर राहतं. मी मध्येच अंताक्षरीसुद्धा सुचवली.

सुगंधाताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "मी हलदीचा धवला गाईन. पन हलदीला कोनी रडत नाय. कोन रडला तं मांडवातून बाहेर काढीन."

मांडवातून पहिली मीच बाहेर गेले.

*

ऑपरेशन ठाण्याला झालं. आम्ही सगळे खाली कॅन्टीनमध्ये, चहावर चहा. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले. म्हणाले, "गायल्या. मस्त गायल्या. आमच्या भूलतज्ज्ञाचं लग्न झालेलं नाही कळल्यावर त्याला दोन स्थळंही सुचवली!"

मग खुर्ची ओढून बसले. "एका ठिकाणी हात लावला आणि आवाज बंद झाला. तेवढा भाग सोडून दिला, त्याचं पुढे रेडिएशनने बघू. आता सूज असते, त्यामुळे वाचेचं लगेच काही सांगता येत नाही. वाट बघायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी बळीरामभाऊ आयसीयूच्या दाराशी भिंतीला टेकून उभे. "कालपासून एक शब्द नाय बोलली," म्हणाले. "मी नुसता बसून येतंय."

एकेकालाच आत सोडत होते. कांबळेसर मला म्हणाले, "तुम्ही जा. आणि रडू नका."

आत गेले. डोक्याला पांढरं बँडेज, डोळे मिटलेले. मी कॉटच्या कडेला वाकले, हात हातात घेतला. रडायचं नव्हतं, म्हणून लहान मुलांशी बोलतात तसा आवाज काढला.

"सुगंधाताई, सांगा बघू, मी कोण?"

काही नाही. मी आणखी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मी... कोण... आहे?"

सुगंधाताईंनी एक डोळा उघडला. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुना ठाव नाय, बाय?" म्हणाल्या. "डाक्टर इथंच हायेत. दाखवून घे."