सिस्टरांचे अख्खे गहू

सिस्टर गव्हाचा ताप बघायच्या. धान्याच्या दुकानात शिरल्या की दुकानदाराने पुढे केलेल्या नमुन्याकडे ढुंकूनही न बघता थेट पोत्यापाशी जायच्या, घड्याळ वर सारायच्या आणि कोपरापर्यंत हात आत घालून डोळे मिटून उभ्या राहायच्या. आत ऊब लागली तर गहू दमट आहे किंवा त्याला कीड लागलीय, हे त्यांचं निदान. "भैया, इसको बुखार है," असं म्हणून त्या पुढच्या पोत्याकडे वळायच्या. तिथे दोन दाणे दाढेखाली जायचे. कट्ट आवाज आला तर पास, चामट लागला तर नापास. "बहनजी, एमपी का शरबती है, देखो कैसा चमक रहा है!" दुकानदार म्हणायचा. "चमक रहा है इसीलिए तो डर लगता है. इतना पाउडर तो मैं शादी में भी नहीं लगाती!" मी शेजारी पिशवी धरून उभी असायची आणि दर वेळी मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलं नाही. ऐन विशीत दिल्लीला नोकरीला आल्या, एका सरकारी रुग्णालयात राब राब राबल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. त्यांचं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. गेटवरच्या गार्डपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. आवाज असा, की लिफ्टमध्ये भांडणारी मुलंसुद्धा एकदम अटेन्शनमध्ये यायची.

मी करोल बागेत वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, शाळा हिंदी-इंग्रजी, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईने चार भिंतींत जेवढं टिकवलं तेवढंच. गहू मला माहीत होता तो पाच किलोच्या पिशवीतला आटा म्हणून. शेजारी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी एक वाटी आणून दिली. आत टपोरे, सोनेरी, मऊ दाणे, वर खोबरं आणि कोथिंबीर. मी विचारलं, "सिस्टर, हे जव आहे का?" त्यांनी माझ्याकडे वॉर्डात चुकीचं इंजेक्शन घेऊन आलेल्या शिकाऊ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "अगं मंजू, गहू आहे तो! ज्याच्या पोळ्या खाऊन एवढी वाढलीस ना, तोच. याला घुगऱ्या म्हणतात." त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. तशी माझी परवानगी कुणी विचारली नव्हती म्हणा.

त्यांचं शास्त्र साधं होतं आणि त्यात सूट नव्हती. पोळीला कुठलाही चांगला गहू चालेल, पण अख्खा शिजवायचा तर लांबट, कठीण दाण्याचा बन्सी किंवा मग खपली. नगरहून कुणी येणार असलं की खपली मागवायच्या, नाही तर इथल्या पोत्यांतून शोधायच्या. आणल्यावर ताटात निवडायचा, पाण्यात टाकायचा, वर तरंगेल तो पोकळ दाणा काढून फेकायचा. रात्रभर भिजवायचा. सकाळी ते पाणी ओतून नवीन पाणी, गव्हाच्या तिप्पट. कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून चांगला अर्धा तास. आणि कुकर आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. मी एकदा घाईघाईत शिट्टी उचलून वाफ काढली, तर म्हणाल्या, "पेशंटला असंच टेबलवरून उठवतात का तुमच्या ऑफिसात?" आमच्या ऑफिसात पेशंट नसतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. शिजलेला दाणा त्या बोटांत दाबून बघायच्या. "पोट फुटलं पाहिजे, पाठ नाही," हे त्यांचं माप मला आजही पुरतं.

रविवारी शिजवलेला डबा बुधवारपर्यंत चालायचा. सोमवारी त्यात काकडी, हिवाळा असला तर लाल गाजर आणि दही घालून कोशिंबीर. मंगळवारी मुगाची डाळ आणि मेथी घालून खिचडी. बुधवारी लसूण-मिरचीची फोडणी देऊन मोड आलेल्या मटकीत मिसळायचा. मी हे ऑफिसला न्यायला लागले तेव्हा बरोबरच्या मुली म्हणाल्या, अरे यार, हे तर गुडगावच्या कॅफेत सॅलड म्हणून मिळतं! सिस्टरांना सांगितलं तर खूश व्हायच्या ऐवजी भडकल्या. "कॅफेवाल्यांनी रात्रभर भिजवला होता का, ते विचार आधी." नाताळात खिरीचा घाट असायचा. त्यासाठी गहू ओला करून मिक्सरमधून अगदी हलका फिरवायचा आणि बाल्कनीत उभं राहून सुपाने पाखडायचा. सगळा कोंडा खालच्या मल्होत्रा आंटींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. "सिस्टरजी, ये क्या बरस रहा है?" अशी हाक आली की सिस्टर वरून म्हणायच्या, "आशीर्वाद!" आणि संध्याकाळी खिरीचं पातेलं घेऊन स्वतः खाली जायच्या.

माझी ओवी चार वर्षांची झाली तेव्हा तिला दुपारी सांभाळायचा प्रश्न आला. मी प्रश्न मांडायच्या आधीच सिस्टरांनी तो निकालात काढला. एक वाजता स्कूलबसच्या स्टॉपवर त्या छत्री घेऊन हजर. मी मेट्रोने धक्के खात सात वाजता पोहोचेपर्यंत ओवी त्यांच्याकडे. जेवण, झोप, पाढे, प्रार्थना, सगळं तिथेच. सख्खी आजी करणार नाही एवढं केलं त्यांनी.

त्याच वर्षी ओवी वाळायला लागली. हातपाय काड्या, पोट तेवढं फुगलेलं, चेहरा पिवळट, आणि सारखी किरकिर. सिस्टरांनी कंबर कसली. "हिच्या अंगी लागेल असं देते मी. गव्हासारखं दुसरं काही नाही." रोज संध्याकाळी चार वाजता एक वाटी. कधी खीर, कधी तूप घालून मऊ खिचडी. ओवीला आवडायचंही. पण वजनाचा काटा हलेना. मग सिस्टरांनी तूप वाढवलं, मग वाटी मोठी केली. "येईल गं अंग, धीर धर," असं मला म्हणायच्या, पण आता त्याही तिच्या पापणीच्या आतला रंग रोज बघू लागल्या होत्या. असे आठ महिने गेले.

नेहमीच्या डॉक्टरांच्या टॉनिकांनी काही होईना, तेव्हा शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला लावली, मग पोटात दुर्बीण घातली. सिलियाक. ओवीच्या आतड्याला गहू चालत नाही. जास्त नको, कमी नको, कणसुद्धा नको, आणि हे जन्मभर. डॉक्टर समजावत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती चार वाजताची वाटी येत होती.

ओवी बरी होणार, हे कळलं होतं. पण सिस्टरांना सांगायचं कुणी? तीन दिवस मी सुट्टी टाकून घरी बसले आणि ओवीला बरं नाही एवढंच सांगितलं. चौथ्या दिवशी नितीन, माझा नवरा, म्हणाला, "तू त्यांना वाचवतेयस की स्वतःला?" तेव्हा मी उठले. खरं सांगते, माझ्या मनात रागही होता. एवढ्या मोठ्या मेट्रन, आयुष्यभर आजारी माणसं बघितलेल्या, आणि यांना कळू नये? त्या रागाची मला आज लाज वाटते.

सिस्टर ओट्यापाशी होत्या. कुकर गॅसवर होता. मी सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, चष्मा लावला, रिपोर्ट मागितला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी हे फारसं कुणाला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. पण म्हणणार नाही. वाटी वाढवूनही पोर सुकत होती, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी चुकले, मंजू." मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हात वर केला. "जा तू आता. तिच्याजवळ बस."

दोन दिवस त्यांचं दार उघडलं नाही. बेल वाजवली तर आतून "ठीक आहे मी" एवढंच. मला वाटलं, संपलं सगळं. एवढ्या वर्षांचं नातं, ओवीची हक्काची जागा, सगळं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात खडखडाट झाला. बघते तर सिस्टरांच्या स्टीलच्या कोठ्या बाहेर एका रांगेत मांडलेल्या. सगळा गहू, नगरच्या खपलीसकट, गुरुद्वाऱ्याच्या लंगरसाठी रिक्षात चढत होता. पाठोपाठ लाकडी पोळपाट-लाटणं, चाळण्या, मिक्सरचं भांडं, लाकडी डाव. घरात ओल्या फडक्याने फडताळ न् फडताळ पुसून झालं होतं. मी म्हटलं, "सिस्टर, अहो, ओवीचं जेवण वेगळं ठेवू आपण. तुम्ही कशाला सोडताय?" त्यांनी कमरेला पदर खोचला होता, केस विस्कटलेले. "डॉक्टर कणसुद्धा नको म्हणालेत ना? मग पोर ज्या घरात जेवणार, त्या घरात कण राहता कामा नये. सोमवारपासून पाठव तिला. आणि आता मला शिकायचंय, डोकं खाऊ नकोस."

साठी उलटलेली ती बाई पुन्हा शिकाऊ झाली. ज्वारी, राजगिरा, नाचणी, वरी. पहिला धडा मात्र माझ्या हातून चुकला. मी मोठ्या कौतुकाने कोपऱ्यावरच्या चक्कीतून ज्वारी दळून आणली, आईने जन्मभर आणली तशी. भाकरी खाऊन ओवी दोन दिवस उलट्या करत होती. सिस्टरांनी ते पीठ हातात घेतलं आणि विचारलं, "याच्या आधी चक्कीवर काय दळलं होतं?" गहूच, दुसरं काय! आपल्या लोकांना चक्की म्हणजे घरचीच वाटते, ती रोज शंभर घरांचा गहू खाते हे डोक्यात येत नाही. त्या आठवड्यात सिस्टरांनी घरगुती छोटी गिरणी आणली. तिच्यात फक्त ओवीचं धान्य. ज्वारी आणली की खिडकीशी बसून त्यातला चुकार गव्हाचा दाणा शोधायच्या. सापडला की मला फोन करून सांगायच्या, "एक पकडला!"

आणि ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही. सोसायटीत कुणी म्हणालं, आमचं पोर नीट वाढत नाही हो, की सिस्टर सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगायच्या. "मी आठ महिने चुकीचं खायला घातलं. तुम्ही आधी डॉक्टरकडे जा." हुद्द्याने एवढ्या मोठ्या माणसाने आपली चूक अशी चारचौघांत सांगितलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

ओवीने अंग धरलं. गाल आले, उंची आली, जीभ तर विचारू नका. सिस्टर मात्र गव्हाला परत शिवल्या नाहीत. रविवारी चर्चमध्ये प्रसादाचा गव्हाच्या भाकरीचा कण तोंडात जायचा तेवढाच, पण तिथून आल्या की खळखळून चूळ भरायच्या, साबणाने हात धुवायच्या, मगच ओवीला जवळ घ्यायच्या. मी वैतागून म्हणायची, "आमच्या घरी येऊन नितीनच्या ताटातली एक पोळी खा की." तर म्हणायच्या, "सवय गेली गं." खोटं होतं ते. आमच्याकडे नितीनपुरता पोळपाट आणि तवा वेगळा ठेवला होता, त्या तव्यावर पोळी फुगली की त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

ओवी अकरा वर्षांची होती तेव्हा सिस्टर बाथरूममध्ये पडल्या. कमरेचं हाड मोडलं. एकटीने राहणं शक्य नव्हतं, म्हणून नगरचा भाचा न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ओवीला पलंगाजवळ बसवलं. मी दारात होते. "ओवी, तुला एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "लहानपणी तू आजारी होतीस ना, ती माझ्यामुळे. मी रोज तुला गहू खायला घालत होते." मेट्रन होत्या, पण त्या अकरा वर्षांच्या पोरीसमोर आरोपीसारख्या बसल्या होत्या.

ओवीने डोळे मोठे केले. "अरे यार सिस्टर, मला कधीपासून माहितीये! मम्मीने सांगितलंय. आठ महिनेच तर होते ते." मग तिने त्यांचा हात धरला. "आणि त्याच्यानंतर सात वर्षं तुम्ही माझ्यासाठी पोळी नाही खाल्ली. अब बस ना. नगरला जाऊन खा प्लीज."

सिस्टर ढसाढसा रडल्या. मीही रडले. ओवी बिचारी आम्हां दोघींना आळीपाळीने पाणी देत राहिली.

नगरला गेल्यावर फोन व्हायचे. ओवी पहिला प्रश्न हाच विचारायची, पोळी खाल्ली का? "खाल्ली गं," असं उत्तर यायचं, आणि ओवी टाळ्या वाजवायची. पुढच्या मे महिन्यात आम्ही नगरला जायचं ठरवलं, तिकिटं काढली. निघायला पंधरा दिवस असताना भाच्याचा फोन आला. सिस्टर झोपेतच गेल्या.

मग त्याच्या हातून फोन त्याच्या बायकोने घेतला. रडत बोलत होती. मी विचारलं, "इथून गेल्यावर पोळी तरी पोटभर खाल्ली ना त्यांनी?" "कुठलं ताई! एक घास नाही. स्वयंपाकघर दोनदा पुसून घेतलं माझ्याकडून, नवी गिरणी आणायला लावली. काही म्हटलं तर एकच म्हणायच्या, ओवी सुट्टीत येणार आहे."

आम्ही तिकिटं रद्द केली नाहीत.