सांबारले सांबारच म्हणणारी शेवंता

रेवा, इकडे ये. कानातली ती गाण्याची बोंडं काढ अन् माझ्याजवळ बसल्यासारखी बस. अक्षरं जुळत नसतील तर बाबाकडून वाचून घे, पण तोंड पाडून ऐकू नको. तुझी आजी गेल्याले महिना होऊन गेला. त्या दिवशी तूच फोन केला होता, "कमलआजी, आमची आजी उठूनच नाही राहिली…" तेव्हापासून दर फोनवर तुझं एकच, आम्ही आजीले कॅनडात आणलं नसतं तर ती जगली असती. शाळेत जाणारी पोर तू, हे कोणी घातलं तुझ्या डोक्यात? इथं आंधळगावातही तेच चालू आहे. दळणाच्या रांगेत उभं राहा, कोणीतरी म्हणतेच, "बिचारी शेवंता, परक्या मुलखात झुरून मेली." म्हणून तुले सांगायचं ते मी पेपरात लिहून राहिली. सगळ्यांनीच वाचा. शेवंता बिचारी नव्हती.

आमच्या दोघींच्या घराले मधली भिंत एकच. एकाच उन्हाळ्यात सुना होऊन आलो, चिखलात उतरून बरोबरीनं धानाचे रोवणे केले, त्या भिंतीवरून वर्षानुवर्षं भाजीच्या वाट्या दिल्या-घेतल्या. तुझे आजोबा गेले अन् तुझा बाबा तिले न्यायले आला. गाडीत बसताना मी पदर डोळ्याले लावला, तर मलेच म्हणते, "रडतं काहून वो? मी मरायले नाही चालली."

पण तिथला पहिला हिवाळा तिले जड गेला, हे खरं आहे. ते कायले लपवू? फोनवर म्हणे, "सारं आहे वो इथं, पण दिवसभर बोलायले कोणी नाही. खिडकीतून पाहते तर झाडं नागडी उभी." मी म्हटलं, परत ये. तर म्हणे, "येईन, पण हरून नाही येणार."

मग तिथल्या मराठी मंडळाचं जेवण होतं. शेवंताले वांग्याच्या भाजीवर बसवलं. भाजी उतरवताना तिनं हाक मारली, "सांबार द्या वो थोडा." पुण्याकडची एक बाई होती, तिनं मोठ्या आदरानं इडलीबरोबरच्या सांबाराची गरम वाटी आणून हातात दिली अन् विचारलं, "आजी, हे भाजीत ओतायचं?" शेवंता वाटीकडे पाहते अन् म्हणते, "ही पातळ डाळ कायले आणली? हिरवा सांबार द्या." सारं स्वयंपाकघर हसलं. कोणीतरी समजावलं, "आजी, त्याला कोथिंबीर म्हणतात." इथवर ठीक होतं, तीही हसली. पण घरी जाताना गाडीत तुझा बाबा बोलला, "आई, चार लोकांत जरा शुद्ध बोलत जा." त्यानं वाईट मनानं नाही म्हटलं. पण ते तिले लागलं.

त्यानंतर फोनवर नुसतं हो-नाही. एक दिवस मी तब्येत विचारली तर म्हणते, "मला बरं आहे."

मला. जन्मभर 'मले' म्हणणारी शेवंता 'मला' म्हणाली. रडली असती तर मी समजून घेतलं असतं. मी म्हटलं, "कोण बोलून राहिलं तिकडून? आमच्या शेवंतेले फोन दे." ती हसली अन् हसता हसता रडायले लागली. म्हणे, "कमल, मी इथं तोंड उघडायले भेवून राहिली वो." मी म्हटलं, "आपल्या सासूले तू कधी भेली नाही, अन् वाटीभर डाळीले भेते?"

दुसऱ्याच दिवशी तिनं धने रगडले अन् दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरले. खिडकीबाहेर बर्फ, अन् आत हिरवागार सांबार. मंडळाच्या पुढच्या जेवणाले जुड्या बांधून घेऊन गेली अन् दाराशीच बसली. "हा सांबार आहे. ज्याले कोथिंबीर पाहिजे त्यानं दुकानात जावं." नाव घेतल्याशिवाय कोणाले एक काडी दिली नाही. शेवटी तीच पुण्याची बाई आली, हात पुढं करून म्हणाली, "आजी, मला सांबार द्या ना." शेवंता म्हणे, "आता कसं." अन् तिच्या हातात दोन जुड्या ठेवल्या. मग तीच बाई दर शनिवारी तिले बाजारात न्यायले लागली. अन् तुझा बाबा? त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, मले अजून एक पोळी दे." हे सांगताना तिचा आवाज कसा झाला होता, ते लिहिता नाही येत मले.

आठवण तर तिले शेवटपर्यंत येत होती. तलावात पाणी किती, सिंगाडे निघाले का, रोज विचारायची. कधी रडायची, मग नाक पुसून मलेच दोन गोष्टी सुनवायची. आठवण येणारा माणूस झुरून मेला असं नसते, पोरी. झोपेत तिचं काळीज थांबलं, ते इथंही थांबलं असतं. तुम्ही तिले तोडून नाही नेलं, ती स्वतःच्या पायानं गेली अन् आपल्या तोंडानं बोलत जगली.

तिच्या घराची किल्ली माझ्यापाशी आहे. सकाळी दार उघडते, अंगण झाडते अन् तिच्या चुलीजवळच्या पाटावर बसून चहा पिते. शेजारीण विचारते, रिकामं घर कायले झाडून राहिली? मी तिले सांगते, पोरगी येऊन राहिली. आता मले खोटं पाडू नको. धान कापणीच्या आत ये, बाबाले घेऊन ये. फाटकाशी येऊन गुपचूप उभी नको राहू. जसं बोलता येते तसं बोल, पण मोठ्यानं आवाज दे, दळणाच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे.