दोघे गेलो, सत्कार एकाचा झाला

देशाच्या सैनिकी अकादमीत मेहकर तालुक्यातून आम्ही दोघे गेलो होतो. मी जानेफळच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो मेहकरच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांचा. हायस्कुलात एका बाकावर बसलो, निवड मंडळापुढे एकत्र उभे राहिलो, आणि डोंगरापायथ्याच्या त्या थंडगार बराकीतही खाटा शेजारीच मिळाल्या. आम्ही वऱ्हाडीत बोलू लागलो की पंजाबकडची पोरं हसायची. मग तो मुद्दाम मोठ्यानं ओरडायचा, "काऊन बे, आंघोळ केली का नाही?"

फाळणी ठरली तेव्हा प्रत्येकाला विचारलं गेलं, कोणत्या देशाची फौज? त्यानं इकडची सांगितली. त्यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही.

पावसाळा सरता सरता अकादमीच्या आसपास कत्तली सुरू झाल्या. एका सकाळी कवायतीनंतर हुकूम आला. मुसलमान कॅडेटांनी सामान बांधावं, ट्रक उभे आहेत, उरलेलं शिक्षण तिकडे होईल. तो तडक गोऱ्या अधिकाऱ्यापुढे गेला. मी मागे होतो.

"साहेब, मी इथेच राहणार असं सांगितलंय."

"हे तुझ्या जिवासाठीच आहे."

"मग मला घरी पाठवा. माझं घर वऱ्हाडात आहे. तिथे शांतता आहे."

"वाटेत गाड्या अडवून माणसं मारताहेत. तू पोचशील याची हमी मी देणार नाही. ट्रकमध्ये बस."

माझं डोकं सणकलं. एवढ्या बंदुका, एवढे पहारेकरी, आणि आपल्याच एका कॅडेटला घरापर्यंत सोडता येत नव्हतं? मी तोंड उघडलं, तर त्यानंच माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. ट्रकवर चढताना म्हणाला, "अब्बाले सांगजो, मी गेलो नाही. मले नेऊन राह्यले."

त्यानंतर कितीतरी दिवस अकादमीत पुस्तकांच्या आणि चांदीच्या भांड्यांच्या दोन देशांतल्या वाटणीवर खल चालला होता. जेवायच्या टेबलावर त्या गप्पा निघाल्या की मी ताट सारून उठायचो.

मी अधिकारी होऊन गावी आलो तेव्हा मेहकरात सत्कार ठेवला. माझे वडील पुढच्या रांगेत होते, मास्तर अगदी मागे, भिंतीला टेकून. एक पुढारी हार घालून बोलायला उभा राहिला. "आपल्या तालुक्यातून दोन पोरं गेले होते. एकानं गावाचं नाव काढलं. दुसऱ्यानं आपली जात दाखवली."

टाळ्या पडल्या. मी हार काढून टेबलावर टाकला.

"खोटं बोलून राह्यले तुम्ही! तो गेला नाही. त्याले ट्रकात घालून नेलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

एकच गलका झाला. वडील खाली बस, खाली बस म्हणत होते. कोणीतरी ओरडलं, "मंग तू बी जा त्याच्यासंगं!" मी मागे पाहिलं, तर मास्तर निघून गेले होते.

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"काऊन बोलला बेटा तू? लोक विसरून गेले होते. आता उद्यापासून पुन्हा माह्याच दाराकडे पाह्यतीन."

"पण चाचा, तो माणूस खोटं…"

"मले मालूम नाही का?" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "माह्या पोराचं मले मालूम नाही? तू जाशीन पलटणीत. मले याच गल्लीतून शाळेत जा लागते."

मी परत फिरलो. रस्त्यात मात्र राग उसळत होता, आणि तो नेमका कोणावर काढावा तेही कळत नव्हतं. गोऱ्यावर, पुढाऱ्यावर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर, की मास्तरांवरच?

काही वर्षांनी मास्तर अंथरुणाला खिळले. मुलगा तिकडच्या फौजेत अधिकारी झाला होता. त्यानं इकडे येण्याची परवानगी मागितली. तिकडच्यांनी नाही म्हटलं, आणि इकडच्यांनीही. मी रजा काढून पोचलो तेव्हा जनाजा निघत होता. कब्रस्तानात एका अनोळखी म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगा नाही आला?"

"येऊ दिलं नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की दुवा मागणारे लोक थांबले.