ड्रमांच्या रांगेत लाल गाडी

स्पोर्टी गाडीची गोष्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं ते मला माहितीय. मोकळा रस्ता, काटा शंभराच्या पुढं, काच खाली, केस उडायलेत आणि बाजूला कुणीतरी बसलंय. बसा तसंच बघत. फक्त आधीच सांगून ठेवतो, ज्या दिवसाचं मी सांगायलोय त्या सकाळी सात वाजेपर्यंत माझी गाडी चाळीस पावलं चालली. त्यातली दहा उलटी. आणि बाजूच्या सीटवर बसला होता माझा डबा.

गाडी जुनीच घेतली होती, पण लालभडक. मागं पंख, चाकं रुंद, पोट जमिनीला टेकलेलं, आणि सायलेन्सरचा आवाज म्हंजे सर्दी झालेल्या म्हशीनं माईकवर खाकरावं तसा. गावी पाचोडला पहिल्यांदा नेली तवा वडील शेळ्या सोडून बघायला आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडून आत डोकावले.

"ह्याच्यात दोन शेळ्या बी बसत नायत. घेतली कशाला?"

"कंपनीत जायला, दादा."

"मंग कंपनीत काय उडी मारून जायचं असतं व्हय?"

तरी बसून बघितलं. गुडघे हनुवटीला लागले. उतरवायला मी आणि चुलता, दोघं लागलो.

मी राहायचो शहरात, उस्मानपुऱ्यात मावशीकडं, आणि कंपनी वाळूजला. पहिली पाळी सातची. गाडीला सहा गिअर होते, पण माझी ओळख तीनांशीच झाली. सगळा रस्ता नव्या पाइपलाइनसाठी खोदलेला, पुढं ट्रेलर, मागं ट्रेलर. दर गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं, म्हणून मी ती तिरकी करून, नवरीसारखी हळूहळू उतरवायचो. मागून रिक्षावाला ओरडायचा, "क्यूं मियाँ, बारात में आये क्या?" कंपनीच्या बसमधली पोरं खिडकीतून हात हलवत पुढं निघून जायची. त्या बसमधली खिडकीची सीट माझी होती. गाडी घेतली त्याच दिवशी मी ती लई रुबाबात सोडली, आणि दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या पोराला मिळाली.

माझं ट्रेनिंगचं वर्ष संपत आलेलं. महिनाअखेरीला परमनंटचं पत्र मिळणार होतं. पण त्या महिन्यात दोन लेट लागले होते. सुपरवायझर साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "तिसरा लेट लागला की पत्र सहा महिने पुढं. मग माझ्यापुढं रडायचं नाही. आणि माझ्या आवाजात तर अजिबात रडायचं नाही."

हे शेवटचं अशासाठी, की कँटीनमध्ये मी त्यांचा आवाज काढून पोरांना हसवत होतो तवा ते माझ्याच मागं ताट घेऊन उभे होते.

आवाज काढायची खोड मला शाळेपासून. हेडमास्तर, पोपट, एसटीचा कंडक्टर, काय पाहिजे ते. नकलेतून गल्लीतली एकही बाई मी सोडली नव्हती. आणि आमच्या पाण्याच्या टँकरची तर मी पूर्ण नक्कल करायचो: मागं येतानाची ती पिपाणी, मग ब्रेकची कुईं, मग ड्रायव्हरचं नाकातलं, "चला चलाऽऽ, पाइप धराऽऽ!" गच्चीवर बसून हे केलं की निम्मी गल्ली हसायची आणि निम्मी चिडायची.

टँकर म्हंजे त्या दिवसांत आमच्याकडं देवच होता. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. नळाला कधी पाणी यायचं ते नळालाच माहीत. त्यात गल्लीच्या तोंडाशी तीन मजली नवी बिल्डिंग झाली आणि सगळे भाडेकरू राहायला आले. टँकर सकाळी सहा ते आठच्या मधे कधीपण यायचा. म्हणून रांग आदल्या संध्याकाळीच लागायची, पण माणसांची नाही, ड्रमांची. प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाची चिंधी, कुणाचा रंगाचा फटकारा. मावशीच्या निळ्या ड्रमाला लाल चिंधी होती. ड्रम ठेवला म्हंजे माणूस उभा राहिला. दुसऱ्याचा ड्रम वीतभर सरकवणं म्हंजे त्याची गचांडी धरणं. मागच्या उन्हाळ्यात एकीनं दुसरीचा ड्रम सरकवला, तर दोन घरांतलं बोलणं बंद झालं ते दिवाळीपर्यंत.

आधी ही रांग लाइटच्या खांबापर्यंतच यायची. मी गाडी खांबाच्या पलीकडं लावायचो. त्या संध्याकाळी पण तिथंच लावली. सकाळी सव्वासहाला डबा घेऊन बाहेर आलो, तर नव्या बिल्डिंगचे ड्रम खांब ओलांडून आलेले. पुढं ड्रम, बाजूला ड्रम, मागच्या चाकाला चिकटून एक पिंप. माझी गाडी रांगेत सतरावी की अठरावी होती.

रिक्षा बदलत गेलो असतो तर तासभर लागला असता. गाडीनं पस्तीस मिनिटं. माझ्याकडं होती पंचेचाळीस. बायका ओट्यांवर बसून चहा पीत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. एकीचा मी आदल्याच दिवशी खोकला काढला होता. दुसरीचं नवऱ्याला हाक मारणं. कोणत्या तोंडानं म्हणणार होतो, ड्रम सरकवा म्हणून?

मी घरात माघारी गेलो. मावशीच्या घराला मागचं दार आहे, ते गिरणीपाशी निघतं. पुढचा रस्ता खोदलेला असला की टँकर कधीमधी तिकडून यायचा. गिरणीच्या भिंतीआड उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सुरू केलं. पिपाणी. ब्रेक. कुईं. मग नाकात, "चला चलाऽऽ, आज मागून हाय! पाइप धराऽऽ!"

आयुष्यात इतकी चांगली नक्कल माझ्याकडून झाली नाही. सगळी गल्ली उठली. ड्रमांचा असा गडगडाट, जसं आभाळच गरजायलंय. "आगं मागं आलाय, मागं!" मी घरातून पळत पुढच्या दारानं बाहेर आलो, तर गाडी मोकळी! बसलो, चावी फिरवली, म्हैस खाकरली. तीस पावलं गेलो. समोर गल्लीचं तोंड, एकीकडं नव्या बिल्डिंगची खडी, दुसरीकडं भिंत. आणि त्या तोंडातून, तीच पिपाणी वाजवत, खरा टँकर उलटा आत यायला लागला.

झालं असं, की गिरणीपाशी टँकर दिसंना म्हणून मावशीनं ड्रायव्हरला फोन लावला होता. तो बिचारा गल्लीच्या नाक्यावरच चहा पीत होता. "मागं? कोण म्हणलं मागं? आलो आलो," म्हणून कप तसाच ठेवून निघाला.

मी गाडी दहा पावलं मागं घेतली. मागच्या आरशात बघितलं, तर सगळे ड्रम पळत माघारी. गडगडत येऊन माझ्या पंखाला टेकले. दार उघडायला गेलो, इकडं खडी, तिकडं भिंत. चार बोटं उघडलं आणि अडकलं. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेटवर हात ठेवून माझ्याकडं वाकला.

"मागं घे की."

"मागं ड्रम हायत."

"मंग बस."

बसलो. पाइप माझ्या टपावरून ओढला. रांग मोडली होती, सगळ्यांत मागं पळालेली सगळ्यांत पुढं होती, आणि जो भांडणाचा कल्ला उठला तो काचा बंद करून पण ऐकू येत होता. पाइपला मधेच भोक होतं. काचेवर धार लागली. चार महिन्यांत गाडी पहिल्यांदा धुतली जात होती, आणि एक आजी त्या धारेखाली तांब्या धरून माझ्याकडं डोळे वटारून बघत होती.

सहा पन्नासला साहेबांना फोन केला. "साहेब, मी गल्लीत अडकलोय. पुढं टँकर, मागं ड्रम, दार उघडंना."

"बरं. आणि हे पाठीमागं भांडतंय कोण?"

"बायका, साहेब. खऱ्या."

"वा! आणि पिपाणी? लई भारी जमलीय. सातला गेटवर ये आणि मला समोर वाजवून दाखव," म्हणून त्यांनी हसत फोन ठेवला. टँकर तेवढ्यात जरा पुढं-मागं होत होता, खरंच वाजत होता.

टँकर रिकामा होऊन गेला तवा सुटलो, गेटवर पोचलो आठ दहाला. पत्र सहा महिने पुढं. साहेब हसले नाहीत, रागावले पण नाहीत. रजिस्टर पुढं सरकवलं आणि म्हणाले, "सही कर. आपल्याच नावाची."

संध्याकाळी घरी आलो तर मावशी दारातच उभी. निळा ड्रम उंबऱ्याशी, अर्ध्याच्या पण खाली. तिसरा नंबर होता तिचा, मिळाला एकोणिसावा.

"ये, टँकरवाले, ये! कुठं लावला टँकर आज?"

"मावशे, ड्रम कुणी हलवू देत नाय, माझी नोकरी..."

"कोण म्हणलं हलवू देत नाय? इचारलंस एकीला तरी? त्या कोपऱ्यावरच्या पोरीला कळा आल्या तवा रिक्षा आणायला सगळी रांग उचलून भिंतीला लावली आमी. एक नंबर इकडचा तिकडं झाला नाय. तू तवा गच्चीवर बसून आमच्या नकला करायलास. सगळ्या गल्लीचं बोलणं येतं मुडद्याला, आन् 'मावशे, मला उशीर व्हायलाय' एवढं बोलाया येत नाय? सहा महिने गेले ना? आता रोज संध्याकाळी ड्रम तू लावायचा, सकाळी तू भरायचा, आन् पयला त्या आजीचा भरायचा. हसू नको! हसतोस काय? आन् ती पिशवी दाव. दाव म्हणते ना! डबा बी तसाच माघारी आणलास? आरं, अर्ध्या तांब्यात कणीक मळली व्हती मी सकाळी. अर्ध्या तांब्यात!"